टिचकीनं मागच्या बाजूला लिहिलं ते

ता. ४ जून

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. जावईबापूंचं एक कार्ड आलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. मला तिथल्या हवेचं काय करायचंय? मी काय तिथे कापूस वाळत घालणार आहे? लेक धडधाकट आहे की नाही हे जावयाच्या अक्षरात वाचायचं होतं तर मी म्हातारपणी पाटी कशाला हातात धरली?

चि. सौ. मुलीस आईचे आशीर्वाद, रागासकट.

मी बरी आहे. गुडघे बोलतात, पण मी त्यांना उत्तर देत नाही. गादीचं दुकान चालू आहे. एका वसतिगृहाच्या चाळीस गाद्या उसवून, कापूस बडवून, पुन्हा भरून द्यायच्यात. त्या गाद्यांवर पोरांनी काय काय केलंय ते विचारू नकोस. शेजारचा कुलूपवाला म्हणतो की म्हातारे, जरा हळू, कापूस आहे तो, तुझा नवरा नाही. मी म्हटलं, नवऱ्याला एवढा बडवला असता तर तोही मऊ झाला असता.

पोरांचं लिही. टिचकीला सात पूर्ण झाली, तिचे पुढचे दात पडले का? बोंड्या तीन वर्षांचा झाला, अख्खं वाक्य बोलतो की अजून बोटच दाखवतो? माझी रीत तुला ठाऊक आहे. रात्रशाळेच्या मास्तरांनी शिकवलं होतं की आलेल्या पत्रातली एकेक गोष्ट उतरवून घ्यावी आणि तिच्याखाली उत्तर द्यावं, म्हणजे काही सुटत नाही. तेव्हा तू दोन ओळी लिहिल्यास तर तुला दोनच मिळतील.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तुझ्या पत्रावर.

तुझी आई

ता. १५ जून

ती. आईस सा. न. आणि कान धरून माफी.

आम्ही सगळे मजेत. कामाच्या रगाड्यात पत्र राहून गेलं, दुसरं काही नाही. यांच्या पोहण्याच्या वर्गाला यंदा साठ मुलं आहेत. पालकांनी मिळून यांना मनगटी घड्याळ दिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की सरांचा आवाज कधी चढत नाही. खरंच चढत नाही.

टिचकीचे दोन दात पडले. बुटांच्या नाड्या आता तीच बांधते, स्वतःच्या आणि बोंड्याच्या. जिन्यात पावलं वाजली की कोण आलं ते न बघता सांगते, कधी चुकत नाही. कपाटाला आतून कडी नव्हती, तर तिनं दोरीची कडी केली, इतकी हुशार. बोंड्या पूर्ण वाक्य बोलतो, पण कमी बोलतो. पडला तरी रडत नाही. शेजारीण म्हणते, इतकं समजूतदार मूल तिनं पाहिलेलं नाही.

माझं बोट दारात सापडलंय, म्हणून अक्षर असं. काळजी करू नकोस. हे पाकीट टिचकी टाकणार आहे. चौकातल्या पेटीपर्यंत एकटी जाते आता.

तुझ्या रागाचीही सवय आहे, तो असू दे.

तुझी मुलगी

(मागच्या बाजूला, पेन्सिलीनं)

आजी मी टिचकी. मला जोडाक्षरं येतात. पट्टा. बाबा आईला पट्ट्यानं मारतात. आईच्या बोटावर दार बाबांनी लावलं. मी बोंड्याला घेऊन कपाटात बसते. तो रडला तर मी त्याचं तोंड दाबते. परवा जास्त दाबलं. तो निळा झाला. मग बरा झाला. आईला सांगू नको.

ता. २४ जून

त्याचे हात झडोत. हे आधी, बाकीचं नंतर.

चि. सौ. मुलीस आशीर्वाद. कुशल विचारत नाही, कळलं.

तू लिहिलंस: टिचकी नाड्या बांधते. चांगलं. गाठ मारायला मी शिकवीन तिला, सुटणार नाही अशी.

तू लिहिलंस: पालकांनी घड्याळ दिलं. त्या मनगटाला बेडी शोभली असती.

तू लिहिलंस: बोट दारात सापडलं. आणि टिचकीनं मागे लिहिलं: आईच्या बोटावर दार बाबांनी लावलं. दोघींपैकी एक खोटं बोलतेय आणि ती सात वर्षांची नाही.

टिचकीनं लिहिलं: बाबा आईला पट्ट्यानं मारतात. यावर माझं म्हणणं असं की पट्टा कापून टाक. पट्टा नसेल तर तो दुसरं काही शोधेल, म्हणून नुसता पट्टा कापून भागणार नाही. निघ तिथून.

टिचकीनं लिहिलं: बोंड्या निळा झाला. यावर तीनदा पेन उचललं आणि तीनदा खाली ठेवलं.

टिचकीनं लिहिलं: आईला सांगू नको. बरं टिचके, नाही सांगत.

गाठोडं बांध आणि पोरांना घेऊन ये. गादीवालीच्या घरात झोपायला जागा नाही असं कधी झालंय का? लाज वाटत असेल तर ती तिथेच ठेवून ये, त्याला उपयोगी पडेल.

वाट बघतेय, लोभ वगैरे आल्यावर.

तुझी आई

ता. ९ जुलै

आई,

हे डाव्या हातानं लिहितेय, सावकाश वाच.

तुझं पत्र शनिवारी आलं. शनिवारी तलाव बंद असतो, हे घरी असतात. आम्ही जेवायला बसलो होतो. यांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, वर्गात हजेरी घेतात तसं. तू माझंही उतरवलंस आणि तिचंही उतरवलंस. टिचकीनं लिहिलं, टिचकीनं लिहिलं. प्रत्येक वेळी हे थांबले आणि तिच्याकडे बघितलं. मला तर माहीतही नव्हतं की तिनं मागे काही लिहिलंय. वाचून झाल्यावर म्हणाले की टिचकीचं अक्षर सुधारलंय.

मग तिला न्हाणीघरात नेलं. मोठी बादली भरली. पोहण्याच्या वर्गात श्वास धरायला शिकवतात, तसं शिकवतो म्हणाले. तिची मान धरून डोकं पाण्यात घातलं आणि आकडे मोजले. वर काढलं, पुन्हा घातलं. मी त्यांचा हात चावला. तेव्हा त्यांनी मला बाहेर ढकललं आणि मी चौकट धरून ठेवली, तर त्यावर दार लावलं. या वेळी अंगाचा सगळा भार टाकून. तीन बोटं. आतलं पांढरं दिसत होतं.

टिचकी जिवंत आहे. खोकते. तिनं सगळ्या पेन्सिली मोडून कचऱ्यात टाकल्या. बोंड्या सगळा वेळ उभा राहून बघत होता. रडला नाही.

तुझी ती रात्रशाळेची रीत, आई. तुला एक पत्र तरी आपल्या मनानं लिहिता आलं नाही का?

येऊ नकोस. तू गल्लीत आरडाओरडा करशील आणि निघून जाशील, राहायचं आम्हाला आहे. आणि तू त्यांना कोणत्या तोंडानं बोलणार? तूही मारायचीस मला कापसाच्या काठीनं. मी मेले का? टिचकीही मरणार नाही.

हे पाकीट टिचकीच्या वर्गाच्या बाईंनी दिलं आणि त्याच टाकतील. लिहायचंच असेल तर बाईंच्या घरच्या पत्त्यावर लिही.

मुलगी

ता. २८ जुलै

परवा तुला केळी पाठवली ती वॉर्डातल्या सगळ्यांना वाटलीस म्हणे. मी काय सगळ्या वॉर्डाची आई आहे? खात जा.

चि. मुलीस आशीर्वाद. सौ. मी गाळलंय, चूक समजू नकोस.

तुझ्या बोटांत तारा घातल्यात, त्या काढल्यावर दोन वळतील, तिसरं वळणार नाही, असं बाईंनी कळवलं. चालेल. माझीही आठच वळतात.

पोलीस तुझा जबाब घ्यायला पुन्हा येतील. तू सुरुवातीलाच बेशुद्ध पडलीस, पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. वाढवू नकोस, कमीही करू नकोस. येऊ नकोस म्हटलंस तरी मी आले, तेव्हा दार त्यानंच उघडलं. या सासूबाई, पाणी घ्या, म्हणाला. मी म्हटलं, पाणी नको, पोरं दे. हा आमच्या घरातला प्रश्न आहे, म्हणाला. तू मध्ये आलीस, त्यानं तुला ढकललं, तुझं डोकं उंबऱ्यावर आपटलं. इथपर्यंत तुला आठवत असेल. मग त्यानं एका हातानं माझा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. दात सुटा होऊन जिभेवर आला. आवाज त्यानं चढवला नाही, पालक म्हणतात ते खरंय. दुसरा हात त्यानं जोर घ्यायला चौकटीवर टेकवला होता. माझ्या पिशवीत गाद्या शिवायचं दाभण होतं, वीतभर. मी ते तिथे घातलं. चाळीस वर्षं जाड कापडातून दाभण काढतेय, हाताला वाट कळते. तळव्यातून आरपार जाऊन लाकडात रुतलं. तेव्हा मात्र आवाज चढला, सगळ्या गल्लीनं ऐकला. मी त्याला सांगितलं की ओढू नकोस, वाकडं आलं तर जास्त फाटेल. ऐकलं नाही. फाटलं.

कपाट आतून बंद होतं. मी आजी आहे म्हटलं, तर आतून टिचकी म्हणाली की आजी लांब राहते. शेवटी मी शिव्या घालायला लागले, तेव्हा तिला ओळख पटली आणि दोरी सुटली. बोंड्याच्या गालांवर तिच्या बोटांचे ठसे होते.

तलावावरचे पालक ठाण्यात जाऊन सांगून आले की एवढ्या शांत माणसाला म्हातारीनं भोसकलं. सांगू देत. मी माझा जबाब दिलाय, खाली अंगठा नाही, सही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. बोंड्या इथे माझ्या दुकानात गाद्यांच्या थप्पीवरून उड्या मारतो. सोमवारी पडला, गुडघा फुटला, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. अर्धा तास. मी गप्प केला नाही. कुलूपवाला धावत आला, कोण मेलं म्हणून. मी म्हटलं, उलट.

काल मी कापूस बडवत होते. न्हाणीघरातून कोणी आकडे मोजतंय असं ऐकू आलं. जाऊन बघते तर टिचकीनं बोंड्याची मान धरून डोकं बादलीत घातलेलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्याला श्वास धरायला शिकवत होती. मी पोराला ओढून काढला, पालथा धरला, पाणी काढलं. तो श्वास घेतोय हे बघितलं आणि काठी हातातच होती, ती टिचकीच्या पिंढऱ्यांवर बसली. मी विचार केला नाही. हात आपोआप गेला, कापसावर जातो तसा. कातडी फुटली.

ती ओरडली नाही की पळाली नाही. ओले हात माझ्यापुढे केले, तळवे वर, आणि विचारलं की आजी, अजून किती आहेत?

मी काठी खाली ठेवली. कापूस तसाच पसरलाय. वसतिगृहाचा माणूस दोनदा ओरडून गेला, त्याला मी एकदाही उलटून बोलले नाही, यावरून समज.

तू लिहिलं होतंस की तूही मारायचीस. वाचलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. आता देते. हो, मारायचे. तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचीस आणि थोड्या वेळानं मी जेवायला हाक मारायचे, जणू काही झालंच नाही. मला तेवढंच येत होतं. कालही मी टिचकीला जेवायलाच हाक मारली. ती आली, निमूट जेवली, माझंसुद्धा ताट धुतलं. आज सकाळपासून मी जवळून गेले की ती बोंड्याला मागे घेते.

मला माफी मागता येत नाही. रात्रशाळेत तो धडा नव्हता.

लोभ कर असं सांगायला मला तोंड नाही.

तुझी आई

ता. क. तू टाकीमागे बसायचीस तेव्हा तुला माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते लिही. शब्द न शब्द तेच मी टिचकीपुढे बसून सांगीन, माझ्या मनाचं त्यात काही घालणार नाही. नर्सकडून लिहून घ्यायचं नाही, बाईंकडून नाही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. उत्तर तूच द्यायचंस.