दादाच्या डोक्यावरचा फेस

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तक्रार गंभीर आहे. विमानात मोठी बाटली चालत नाही, म्हणून तू दिलेलं तेल आणि माझा शॅम्पू दोन इवल्या, सारख्याच बाटल्यांत भरला. तपासनिसाने हलाहल असल्यासारखे दोन्ही हुंगले. नावं लिहायची मात्र राहिली.

काल इस्पितळात दादाच्या टाळूवर तेल म्हणून शॅम्पूच चोळला. ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर फेसच फेस. नर्स म्हणाली, "काका, आंघोळच घालताय की." एरवी दादाने माझी बिनपाण्याने हजामत केली असती. काल नुसता बघत राहिला.

दूध घेतो. झोपही लागते. तुझे गुडघे कसे आहेत?

ताई, तो मला ओळखत नाही. तो घरी परत येईल, असं मला आता वाटत नाही.

तुझा,
धाकटा