वीतभर रिकामं पिंप

माय, काल गच्चीवरच्या निळ्या पिंपात मागूर सोडले. तुझी नात बाळंतपणाला येतेय. ती म्हणते, मासे बाजारात मिळतात की, घरात कशाला हा पसारा? तिला काय सांगू? पिंप काठापासून वीतभर रिकामं ठेवलं आणि हात तसाच काठावर राहिला.

आपल्या गावी, चुडाव्यात, ते दुष्काळाचं साल. नदीत नुसती डबकी उरलेली. मला दिवस गेल्याचं तुला कळलं तशी तू ओलं पोतं घेऊन नदीला गेलीस आणि चिखलात हात घालून बोटाएवढे मागूर धरून आणलेस. बाबांनी कुठूनसं आणलेलं, पोचे पडलेलं डांबराचं पिंप घासून परसात मांडलंस. ज्वारीचा कोंडा, वारुळातली वाळवी, जे मिळेल ते त्यांना घालायचीस. मागूर खाल्ल्याशिवाय बाळंतिणीला पान्हा फुटत नाही, हा तुझा हेका. माझ्याआधीचं तुझं लेकरू दुधावाचून गेलं, हे तू कधी बोलली नाहीस. मला ते आत्याकडून कळलं.

मी माहेरी आले तेव्हा मासे चांगले वीत-दीडवीत झाले होते. पाणी मात्र हिरवं, गढूळ आणि काठापासून खाली. मासे सारखे वर येतायत, तोंड उघडतायत, परत बुडी मारतायत. मला वाटलं, बिचारे पाण्यासाठी तगमगतायत. हवा घ्यायला वर येणं ही मागराची रीतच, हे मला कुठलं ठाऊक! तू माझ्या अंघोळीसाठी राखलेलं पाणी मी त्यांना दिलं. वर झाकलेलं गोणपाट बाजूला सारून पिंप काठोकाठ भरलं. सांडलेल्याचा ओघळ शेजारच्या दारापर्यंत गेला आणि मी पुण्य केल्यासारखी झोपले.

सकाळी पिंपात एक मासा नाही. तू गोणपाट हातात धरून उभी.

"त्येन्ला पाणी न्हाई, वाट दिलीस तू," एवढंच म्हणालीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. मग माझ्या पोटाकडे बघितलंस.

तेवढ्यात शेजारची माळकरी म्हातारी आली. तुझा रस्सा शिजला की नाकाला पदर लावणारी, आपल्या हंड्याला कधी न शिवलेली. दोन्ही हातांनी तिची तांब्याची घागर धरलेली.

"घे गं बाई तुझे मासे. ओघळानं सरपटत आले, माझ्या मोरीत वळवळायले होते."

"अवो, पण ह्ये तर तुमचं प्यायचं पाणी!"

"मग काय करू? तडफडायलेत, आन् घोटभर पाणी न्हाई म्हनू?"

तू मासे पिंपात सोडलेस, घागर राखेनं घासलीस आणि आपल्या हंड्यातल्या पाण्यानं भरून तिच्यापुढे धरलीस. म्हातारीनं एकदा घागरीतल्या पाण्याकडे बघितलं. मग घागर कमरेवर घेऊन म्हणाली, "पोरीला लवकर मोकळी होऊ दे," आणि गेली. ते पाणी ती प्यायली. मी तिच्या दारातून बघितलंय.

मग लेकरू झालं. तू रोज एक मागूर काढायचीस, रस्सा करून वाटी माझ्या तोंडाला लावायचीस आणि संपेपर्यंत हलायची नाहीस. मला पान्हा फुटला त्या दिवशी तू परसात जाऊन रडलीस. मी चुलीपाशी पडून ऐकत होते. आता डॉक्टर म्हणतात, माशाचा आणि दुधाचा तसा काही संबंध नाही. म्हणू देत बापडे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पिंपाखालचा विटेचा टेकू सरकलाय, तिथंच घडी करून घालते. पण एक सांगते, रागावू नकोस. शिजवण्याआधी मागूर चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवावे लागतात. त्या साली तेवढं पाणी कुठलं? तुझ्या त्या रश्श्याला चिखलाचा वास यायचा, माय. मी डोळे मिटून प्यायचे. तुला ते कधीच कळलं नाही. कळणार कसं? त्यातला एक घोटही तू कधी घेतला नव्हतास.