चेअरमनच्या मापाचे रबरी पाय

तालुका इंदापूर,
दि. २२ मे १९९७

ती. दाजी यांना बिरुदेवाचा दंडवत.

तुम्ही, अक्का आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. नसता तर अक्कानं कळवलं असतं, आणि अक्का कळवते तेव्हा कार्ड वाचता वाचता पोस्टमनही डोळे पुसतो. इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. म्हैस आटली. धाकट्या भावाचं, सिद्धूचं लग्न जमता जमता थांबलं आहे, त्याबद्दल पुढे लिहीन. मी बुडून वारल्याची बातमी आपल्या भागातल्या एखाद्या कंडक्टरनं तुमच्यापर्यंत पोचवली असेल, तर ती पूर्ण खरी मानू नका. ती फक्त ठरावापुरती खरी आहे. हे सगळं तुम्ही पाठवलेल्या फिन्समुळे, म्हणजे पाणबुड्यांच्या त्या रबरी पायांमुळे झालं, म्हणून हिशेब तुम्हालाच द्यायला हवा.

आमच्या उपसा सिंचन संस्थेचं काम तुम्हाला माहीत आहे, पण गोदीत जहाजांच्या बुडाशी पाणबुडे सोडणाऱ्या माणसाला ते खेळण्यासारखं वाटत असेल म्हणून पुन्हा सांगतो. धरणाच्या फुगवट्यात आमचा पाइप बुडवलेला आहे. त्याच्या तोंडाला जाळीचा फुटव्हॉल्व्ह आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या जाळीवर शेवाळ, फाटकी मासेमारीची जाळी, कोणाचं धोतर असं काहीही येऊन बसतं आणि पंप नुसती हवा ओढतो. मग कोणीतरी दम धरून खाली जातं आणि हातानं ते काढतं. हा कोणीतरी म्हणजे मी. मराठी घेऊन बी. ए. झाल्यापासून मी तिथं रोजंदारीवर पंप चालवतो. कायम ऑपरेटरची जागा रिकामी आहे. तिच्यासाठीचा माझा अर्ज दर मासिक सभेत सहानुभूतीपूर्वक वाचतात आणि पुढच्या सभेसाठी ठेवतात. ती सहानुभूती चांगली टिकाऊ आहे. तिला कीड लागत नाही.

यंदा चैत्रात व्हॉल्व्ह तुंबला तेव्हा आमचे चेअरमन आप्पासाहेब नुकतेच टीव्हीवर समुद्राखालचे पाणबुडे बघून उठले होते. त्यांनी सभेत जाहीर केलं, की यापुढं आपला माणूस लंगोट लावून पाण्यात जाणार नाही, शास्त्रोक्त जाईल. तुमच्याकडून किमती आल्यावर खरेदीचे टप्पे पाडले: पहिल्या टप्प्यात पाय, दुसऱ्यात डोळे, तिसऱ्यात पाठीवरची हवा. (हवा तिसऱ्या टप्प्यात का, हे मी विचारलं नाही. कायम होऊ पाहणारा माणूस श्वासासारख्या खाजगी गोष्टीवरून संचालक मंडळाला अडवत नाही.) मग आप्पासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सर्वांसमोर सांगितलं, "बिरुदेव, ह्या पायांनी खाली जा, व्हॉल्व्ह मोकळा कर. वर आलास की कायमची ऑर्डर तुझ्या हातात." मी हे घरी सांगितलं. मनिषानं, बायकोच्या हक्कानं, एवढंच विचारलं, की वर यायची अट आधी होती का आत्ता घातली.

तुमच्याकडे मागणी नोंदवण्याआधी स्थानिक बाजारपेठेला संधी देणं भाग होतं. सहा संचालक जीपमधून बारामतीला गेले. चपलांच्या दुकानात त्यांना गमबूट दाखवले. खेळाच्या दुकानात क्रिकेटचे पॅड दाखवले. मार्केट यार्डातल्या औजारांच्या दुकानदारानं आधी वस्तू नीट समजावून घेतली आणि पाणी उपसायचं आहे तर माणूस कशाला ओला करता, असं विचारलं. त्यावर सगळे जेवायला गेले. परतताना वालचंदनगरला आमचे संचालक तात्या यांच्या ओळखीचा एक फिटर भेटला. त्यानं कागदावर बराच वेळ रेघा मारल्या आणि पत्र्याचे करून देतो म्हणाला, आजन्म टिकतील अशी हमीही दिली. माझ्या की पायांच्या, हे स्पष्ट झालं नाही.

मग तुमचं सविस्तर पत्र आलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, की माप पाण्यात उतरणाऱ्या माणसाचंच घ्या, पाय ओला करून घ्या, टाच आत हलता कामा नये, बोटं पुढे दुमडता कामा नयेत. ते मी सभेत वाचून दाखवलं. तात्यांनी कडब्याची एक काडी आणली, कारण आपल्याकडे बाजारातून पायताण आणायचं तर काडीच पायाच्या मापानं तोडून देतात. तात्या काडी घेऊन वळले, आणि आप्पासाहेबांनी शांतपणे पाय पुढे केला. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. संस्थेत काहीही आलं तर ते पहिल्यांदा चेअरमनच्या अंगाला लागतं. खुर्ची त्यांच्या बसण्यानं ठरली, जीपची सीट त्यांच्या पाठीनं ठरली, सत्काराच्या शालीसुद्धा त्यांच्या खांद्यावर टाकून बघतात आणि मग सत्कारमूर्तीला देतात. तात्यांनी वाकून काडी तोडली. दहा नंबरचा पाय. माझा सात. आता त्यांच्या मापावर दुसऱ्याचं माप घेणं म्हणजे त्यांचा पाय नापास केल्यासारखं झालं असतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या अर्जाकडे पाहिलं. काडी पाकिटात गेली.

पार्सल आलं त्या दिवशी कचेरीत गर्दी झाली. पिवळेधमक फिन्स, पोहे पाखडायच्या सुपाएवढे. पूजा करून नारळ फोडायचा ठरला आणि तिथं तात्यांनी खरी अडचण काढली. जे पायात जातं ते पायताण. पायताणाला हळद-कुंकू कसं लावायचं? दुसरी बाजू म्हणाली, हे औजार आहे, खंडेनवमीला आपण मोटारीचा पाना पुजतो. वाद वाढला. पाण्याचं विचारायला आलेल्या बायकांत मनिषा होती. ती दारातूनच म्हणाली, "बैलाच्या पायात नाल असती. पोळ्याला बैल नाल काढून पुजता व्हय तुमी?" हे पटलं, पण बाईनं सांगितलेलं पटलं असं इतिवृत्तात कसं लिहायचं? शेवटी सहकारी तोडगा निघाला. डावा फिन औजार म्हणून टेबलावर ठेवून पुजला. उजवा पायताण म्हणून दाराबाहेर चपलांच्या रांगेत ठेवला. त्याच्यावर कोणीतरी विडीही विझवली.

मग माप बसवणं आलं. मी पाय घातला आणि तो आत भाड्यानं राहिल्यासारखा हिंडू लागला. तुमच्या सूचनेप्रमाणे बादलीत पाय ओला करून घातला, तर आणखी सहज निघाला. आप्पासाहेबांनी स्वतः घालून पाहिले आणि म्हणाले, "वस्तू ब्येस हाय. दोष असंल तर पायात हाय." त्यामुळे सुधारणा माझ्या पायात करायची ठरलं. बोटांपुढे आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कोंबल्या. टाचेमागे काथ्या भरला. घोट्याभोवती सायकलची ट्यूब चिरून आवळली. उभा राहिलो तर दोन्ही पाय निळे पडत होते आणि तरीही टाच हलत होती. पुढे पाऊल टाकलं की फिन आधी वाकतो आणि माणूस मागाहून पडतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी उलटा चालून दाखवलं. तात्या म्हणाले, या चालीची संस्थेला सवय आहे, फक्त पायात काही न घालता.

पाण्यात उतरायच्या दिवशी सगळे सभासद काठावर आले, कारण सगळ्यांची टोमॅटोची रोपं माना टाकून उभी होती. आईला मी मुद्दामच येऊ दिलं नाही. सिद्धूनं मला दंडाला धरून उलटं चालवत पाण्यापर्यंत नेलं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. मी दम भरला आणि गेलो.

खाली जाताना, खरं सांगतो दाजी, चार-सहा हातांपर्यंत मला फार बरं वाटलं. एकदा पाय हलवला की अंग सरकत होतं आणि वर काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. मग लुगड्याच्या पट्ट्या फुगल्या आणि एकेक करून निघून गेल्या. काथ्या त्यांच्यामागे गेला. मी व्हॉल्व्ह चाचपला. त्याच्यावर जुनं जाळं गुंडाळलं होतं. ते हिसडताना उजवा फिन त्याच्यात अडकला. मी पाय ओढला आणि तो सुळकन मोकळा निघाला. सात नंबरचा फिन असता तर मी आजही तिथंच, शास्त्रोक्त अवस्थेत असतो, हे आप्पासाहेबांना मी कधीच सांगणार नाही. शेवटचा हिसका दिला तसं जाळं सुटलं आणि त्याच्याबरोबर फिनही सुटून वर गेला. माझा दम संपला होता. मी डावा पाय मारत निघालो, पण एकाच पायाला वल्हं असलं की माणूस सरळ जात नाही, वळत जातो. मी काठाला म्हणून निघालो आणि पंपहाऊसच्या मागे, पाण्यातल्या बाभळींच्या गचपणात वर आलो. फांदीला धरून धापा टाकत राहिलो. हाक मारायला छातीत वारा नव्हता.

काठावर मात्र क्रम असा दिसला: आधी लुगड्याच्या पट्ट्या, मग काथ्या, मग एक पिवळा पाय, त्यात माणूस नाही. सिद्धू पाण्यात घुसायला निघाला, त्याला चौघांनी धरलं. (एकाच घरातले दोन नकोत, असं कोणीतरी म्हणालं.) मग आप्पासाहेबांनी टोपी काढली. मला वाटलं ते पाण्यात उतरतायत. ते भाषणाला उभे राहिले होते.

माझ्याविषयी इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी कर्तव्यदक्ष होतो, उच्चशिक्षित होतो, संस्थेचा कणा होतो. एव्हाना माझा दम परत आला होता, हे इथं नमूद करतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मनिषा दिसली. ती बाकीच्यांसारखी पाण्याकडे बघत नव्हती, बाभळीकडे बघत होती. माझा डावा पिवळा पाय पानांतून तिला दिसला असणार. तिनं तोंडाला पदर लावला, खांदे हलवले, आणि दुसरा हात कमरेपाशी धरून मला खाली बस अशी खूण केली. मी नाकापर्यंत पाण्यात गेलो. आप्पासाहेब म्हणत होते, की कैलासवासी बिरुदेव यांच्या घरातल्या एका व्यक्तीला त्यांच्या जागी आजपासून कायम करण्यात येत आहे. कोणाला, असं कोणीतरी विचारलं. मनिषानं पदर न काढता हात वर केला. सूचक स्वतः आप्पासाहेब झाले. अनुमोदक मात्र मिळेना. संचालक एकमेकांकडे बघत होते. माझ्या घोट्याला मासे लुचत होते आणि मी मनातल्या मनात तात्यांना विनवत होतो. शेवटी तात्या खाकरले. "गेलेल्या माणसापायी काय ताणायचं. माझं अनुमोदन लिवा." सेक्रेटरीनं लिहिलं. चेअरमननी सही केली. शिक्का कचेरीत होता, तो आणवला आणि उठवला. मग मी वर आलो.

लोक आनंदले असं म्हणायला हरकत नाही. सिद्धूनं मला उचललं. आप्पासाहेबांनी मात्र टोपी हळूहळू डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "असं करू नये बिरुदेव. ठराव झालाय." मी वर आलो की ऑर्डर हातात, या शब्दाची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, की शब्द खरा आहे, पण जागा एकच होती आणि ती भरली. ठराव मागे घ्यायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि तिथं चेअरमननं जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा लागेल. म्हणून ठराव तसाच आहे. पंप दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मनिषा कायम ऑपरेटर आहे. मी तिच्या हाताखाली रोजंदारीवर आहे. माझी हजेरी तीच मांडते, आणि उशीर झाला तर अर्धी मांडते.

तुमच्या फिन्समध्ये कसलाही दोष नव्हता, हे कळवण्यासाठी एवढं लिहिलं. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(हयात) बिरुदेव

ता. क. हे पत्र अक्काला वाचून दाखवाल तेव्हा शेवटून सुरुवात करा.

ता. क. फिन्स परत मागू नका. आप्पासाहेब ते घालून घरच्या हौदात कंबरेइतक्या पाण्यात उभे राहतात, असं त्यांच्या गड्यानं सांगितलं. त्यांना ते अगदी बरोबर बसतात.

ता. क. सिद्धूचं राहिलं. पणदऱ्याच्या मुलीकडचे म्हणतात मुलगा चांगला आहे, पण नोकरी कायम हवी. तो संस्थेच्या पाटावर रोजंदारीनं पाणी सोडतो आणि तिथली जागा पाऊस लागण्याआधी भरायची आहे. आईला यातलं काही माहीत नाही. होणाऱ्या सुनेला मनिषानं सांगून ठेवलं आहे, घरातली म्हणून काठावर हात वर करायची तिची तयारी आहे. व्हॉल्व्हवर पुन्हा शेवाळ धरायला लागलं आहे आणि या खेपेला सिद्धू उतरणार आहे. तरी फिन्सचा आणखी एक जोड लवकर पाठवावा. सिद्धूचा पाय सहा नंबरचा आहे. अकरा मिळाला तर अकराच घ्या.