बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधे

१२ जानेवारी, सोमवार
सगुणाकाकीचं घर समुद्रात गेलं! माझ्याच हाताने — माऊसने.

ऑफिसात आमच्याच वाडीच्या किनाऱ्याचा नकाशा काढतेय. उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथले बिंदू सर्व्हेवाल्यांनी दिलेत. कंप्युटर त्यांतून एक गुळगुळीत रेषा ओवतो. त्या रेषेवर बंधारा होणार. आतली घरं राहणार, बाहेरची उठून पालीला जाणार. बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरच्या बिंदूंमधे दीडशे मीटरांत एकही बिंदू नाही. काकीच्या कुत्र्याला भिऊन ते लोक तिच्या आवारात शिरलेच नाहीत! मग कंप्युटरने आपल्या मनाने पोट काढलं — जमिनीकडे. काकीचं घर बाहेर. तिच्या पाठचं आमचं, जेमतेम आत.

१३ जानेवारी
ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडून पाहिले. काकीचं घर वाचलं. हर्षद सरांनी बघितलं. "ही काय करवत काढलीस, नम्रता? वक्र हवा." म्हटलं, सर, मधे काय आहे ते कुणी बघितलंच नाही. "म्हणून तर वक्र. बिंदू नाही तिथे प्रोग्रॅम सांगेल ते."

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला गेले आणि काकीला सांगून बसले. नको होतं सांगायला. ती अंगणात सुकट पसरत होती. हात थांबला. "अगो, तो कंप्युटर माझं घर कधी बघून गेला?" मग म्हणाली, "आणि मी सुकट वाळवू कुठं? पालीच्या बाजारात?"

हसली नाही.

१५ जानेवारी
वक्र सहा वेळा काढला. सहाही वेळा काकी बाहेर.

१६ जानेवारी
सरांच्या मागेच लागले. शेवटी कंटाळून — "जा रविवारी दीपेशला घेऊन. मधे पाच बिंदू घ्या. पण मग जे येईल ते येईल हां!"
येऊ दे की. याहून वाईट काय येणार?

१८ जानेवारी, रविवार
अमावास्या. ऑफिसचा सर्व्हेयर दीपेश यंत्र घेऊन आला. मी कुत्र्याला धरून काकीच्या पडवीत बसले. भरती आली, पाणी तिच्या आवाराभोवतीच्या गडग्याच्या दगडांना लागून थांबलं. आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं! काकी म्हणाली, "बघ. दिसतंय ना त्या कंप्युटरला?" दीपेश जमिनीची उंची मोजत मोजत मागे गेला, माडांच्या आड. बराच वेळ दिसेना. आला तो चहा न घेताच निघाला. उन्हाने वैतागला असेल.

काकीने निघताना माझ्या हातात दोन नारळ दिले. पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२० जानेवारी
पाच बिंदू भरले. गडग्यामागची जमीन उधाणाच्या पाण्याहून खाली आहे, पाणी अडवतो तो फक्त गडगा. रेषा आणखी आत गेली. काकी बाहेरच. आणि आता आम्हीही.

सर मागे उभे होते. "बघ, कशी छान वळली!"

फाइल साडेपाचला गेली. मीच पाठवली.