साडेअकरानंतरचा नळ

३ फेब्रुवारी

हिरव्या भिंतीचं उद्घाटन झालं एकदाचं. दोनशे चाळीस प्लास्टिकच्या कुंड्या, लोखंडी जाळी, आणि तीही पश्चिमेला तोंड करून. सोलापूरच्या उन्हात! वनस्पतिशास्त्राच्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. हरित समितीचे प्रमुख सतीश सर वाणिज्य शिकवतात. त्यांना कुंडीतलं रोप आणि फुलदाणीतलं फूल यात फरक कळत असेल असं मला वाटत नाही.

पाहुण्यांचा सत्कार रोप देऊन. रोप प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चकचकीत कागद, कागदावर रिबन. पाहुणे रोप खुर्चीखाली विसरून गेले. मागे केवढा तरी फ्लेक्स — 'प्लास्टिकमुक्त परिसर'. फ्लेक्स कशाचा करतात हो, असं मी विचारलंच. सतीश सर हसून म्हणाले, ''हिरेमठ मॅडम, तुमचं आपलं काहीतरी असतंच.'' असणारच. कुणाचं तरी असायला हवं.

पहिल्या मजल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ साडेअकराला कोरडा पडला. वर्षभर हेच. तिथे फीत कापायला कोण येणार?

४ फेब्रुवारी

प्राचार्यांची सूचना — कागद वाचवा. प्रत्येक विभागाला तीन-तीन प्रती.

६ फेब्रुवारी

पूनम आठवडाभर रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला नाही. तिची मैत्रीण सुकन्या, द्वितीय वर्षाचीच, मोहोळकडून एसटीने येते, तिला विचारलं. आधी खाली मान. मग म्हणाली, पूनमला लघवीचा संसर्ग झालाय, दवाखान्यात सलाईन लावलं होतं.

''कशामुळे?''

''मॅडम, आमी दिवसभर पाणीच पीत न्हाय की. पाणी पिलं की जावं लागतं. वर नळ बंद असतो.''

''सगळ्याच?''

''सगळ्याच. बाटली नुसती बॅगेत असते.''

एकोणिसाव्या वर्षी पोरी तहान मारून शिकतात आणि खाली भिंतीला पाणी! त्या संतापात टायट्रेशन दाखवताना दोनदा चुकले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी

हरित समितीची बैठक. सव्वा तास. त्यातला तास लोगोवर गेला — पानाच्या आत पुस्तक की पुस्तकाच्या आत पान. मी म्हटलं, दोन्हीच्या आत डोकं घाला. कुणी हसलं नाही. विनोद कळायलाही थोडी बुद्धी लागते.

मग मी नळाचा विषय काढला. स्पष्ट सांगितलं, गच्चीवर हजार लिटरची एक टाकी. त्याच टाकीवर मुलींचं स्वच्छतागृह, त्याच टाकीवर माझी प्रयोगशाळा आणि त्याच टाकीवर ही भिंत. परवापर्यंत निदान साडेअकरापर्यंत पुरायचं, आता सव्वाअकरालाच संपतं. पाणी सोडणारा तिप्पण्णा व्हॉल्व्ह उघडा टाकतो आणि टाकी भिंत पिऊन टाकते. हा तुमचा हरित परिसर.

प्राचार्य म्हणाले, ''मॅडम, लेखी द्या.'' याचा अर्थ गप्प बसा. पण मी खरंच लेखी देणार आहे.

माझ्या प्रयोगशाळेकडे बघून शिका म्हणावं जरा. एक बाटली लेबलाशिवाय सापडणार नाही. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र दहा ते चार चालू, एक दिवस खाडा नाही. अर्धा स्टाफ इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी माझ्याकडून कॅन भरून नेतो. सतीश सरसुद्धा! तेव्हा मात्र तोंडातून साखर सांडते.

११ फेब्रुवारी

तिप्पण्णाला बोलावून झापलं. कंत्राटी माणूस, अक्कलकोटकडचा, पाणी सोडणं आणि बाग दोन्ही त्याच्याकडे. वर्षभर कुणी विचारलं नाही म्हणून आरामात.

''बाई, भिताडाला मी बादलीनं घालतो. मोजून आठ बादल्या.''

''मग टाकी कुठे जाते? हवेत?''

त्याची नजर माझ्या टेबलावर, मग खिडकीबाहेर. ''पानी कुटं जातंय ते म्हाईत हाय की मला.''

''मग सांग ना.''

''ऱ्हाऊ द्या बाई.''

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

१२ फेब्रुवारी

पत्र दिलं. दोन पानं, मुद्देसूद. सोबत प्रस्ताव — पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्या, बादली आणि घड्याळ घेऊन, नळ-नळ मोजून. लोगोपेक्षा हे बरं. सुकन्याने स्वतःहून नाव दिलं. चला, एक तरी पोरगी कामाची.

१७ फेब्रुवारी

तिप्पण्णाला काढलं. म्हणजे ठेकेदाराला 'दुसरा माणूस पाठवा' असं कळवलं. माझ्या पत्राचा हवाला देऊन. या संस्थेत माझ्या पत्रावर प्रथमच कुणी काही केलं!

मी काढा म्हटलं नव्हतं. शिस्त लावा म्हटलं होतं. पण ठीक आहे. पोरींना पाणी मिळू दे.

१८ फेब्रुवारी

भिंतीचं पाणी पूर्ण बंद. नवा माणूस सकाळी टाकी भरतो, व्हॉल्व्हला हात लावत नाही. साडेअकराला मी स्वतः वर जाऊन बघितलं.

नळ कोरडा.

२० फेब्रुवारी

भिंत करपली. नळ तसाच. सतीश सर माझ्याकडे बघून बघत नाहीत.

२४ फेब्रुवारी

सुकन्या चार वाजता आली. दारातच उभी. वही छातीशी. मी म्हटलं, आत ये, दरवाजा धरून काय उभी आहेस. तरी हलेना.

''मॅडम, रागावू नका.''

वही उघडली. रेघा मारलेला तक्ता, दहा दिवसांची मोजणी. प्यायचे नळ, इतके. स्वच्छतागृह, इतकं. भिंत, पाणी बंद होण्याआधी — दिवसाला सव्वाशे लिटर. आणि खाली, अक्षर लहान करून — 'रसायनशास्त्र प्रयोगशाळा, डिस्टिल्ड वॉटर यत्र, सहाशे पंचाहत्तर लिटर.'

मी आधी काय केलं? तिच्या शुद्धलेखनाची चूक काढली. 'यंत्र'वर अनुस्वार नाही म्हणाले. ती बरं म्हणाली आणि गेली.

मग दार लावून बादली घेतली. यंत्रात वाफ थंड करायला नळाचं पाणी नळीतून सतत फिरतं आणि मोरीत जातं. त्या नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवली. आठ मिनिटांत भरली. पुन्हा ठेवली. पावणेआठ मिनिटं. दहा ते चार, रोज. मीच शिकवते — वाहतं पाणी थांबू देऊ नका. ते पाणी पुढे कुठे जातं हे एकाही परीक्षेत विचारत नाहीत.

माझी लाइन टाकीच्या तळातून निघते, मुलींची वरून. त्यांचा नळ कोरडा पडल्यावरही माझा चालू राहतो. म्हणून मला कधी कळलं नाही. आणि कळून घ्यायला मी मोरीत वाकले नाही.

२५ फेब्रुवारी

यंत्र बंद ठेवलं. अडीच वाजता वर गेले. मुलींच्या नळाला पाणी होतं. धो धो. मी हात भिजवून तशीच उभी राहिले. दोन मुली आत येत होत्या, मला बघून बाहेरच्या बाहेर वळल्या.

२६ फेब्रुवारी

नळीचं पाणी परत फिरवायला एक पिंप आणि छोटा पंप पुरतो. यंत्राच्या माहितीपत्रकात चित्रासकट दिलंय. माहितीपत्रक माझ्याच कपाटात, सहा वर्षं, प्लास्टिकच्या कव्हरात. दुपारी जोडून टाकलं. पाऊण तासाचं काम.

प्राचार्यांना सांगायचं आहे. उद्या.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिनाचा कार्यक्रम. सतीश सरांनी माइकवरून सांगितलं, ''हिरेमठ मॅडमच्या पत्रामुळे महाविद्यालयाची पाणीगळती थांबली.'' टाळ्या. मला रोप दिलं. चकचकीत कागद, रिबन.

मी घेतलं. 'धन्यवाद' म्हणाले. ज्या माणसाला अक्कल नाही म्हणून महिनाभर हसले, त्याच्याकडून खोटी शाबासकी दोन्ही हातांनी घेतली. सुकन्या तिसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती. रिक्षाने शुक्रवार पेठेत येईपर्यंत रोप मांडीवर होतं, टाकून द्यायचीही हिंमत झाली नाही. इतकी किळस मला सतीश सरांचीसुद्धा कधी आली नव्हती.

३ मार्च

प्राचार्यांना सगळं सांगितलं. पाणी माझ्या यंत्रात जात होतं, तिप्पण्णाची काही चूक नव्हती, त्याला परत बोलवा, आणि हे मी लेखी देते. लेखी दिलं.

मला वाटलं, चकित होतील. ते चष्मा पुसत म्हणाले, ''बरं झालं मॅडम, तुमचं तुम्हालाच समजलं.''

तिप्पण्णाला फोन केला. टेंभुर्णीला हायवेवरच्या हॉटेलात बागेच्या कामाला लागलाय. माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत, सवय नाही. तो म्हणाला, ''जाऊ द्या बाई. हितं बरं हाय. हितं कुणी वरडत न्हाय.''

५ मार्च

सुकन्याला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, मागच्या वर्षीच. तिप्पण्णा काकांनी सगळ्या मुलींना दाखवलं होतं, मोरीत वाहणारं पाणी. पण मॅडमना सांगायचं कुणी? म्हणून यंदा मुलींनी चिठ्ठ्या टाकल्या, मला कोण सांगणार ते ठरवायला. पूनमच्या नावाची निघाली. ती दोनदा दारापर्यंत येऊन माघारी गेली. ती आजारी पडल्यावर चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या, आणि सुकन्याचं नाव निघालं.