शेवंतीचं मशीन समाईक झालं तेव्हा

अहमदनगर,
४ मे १९९२

चि. सदू यास विमलताईचे अ. आ. आणि ख्रिस्तात सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मीरा रोडच्या शांती नगरात, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, माझ्या धाकट्या भावाने पहिल्या शतकातली मंडळी पुन्हा उभी केली हे वाचून मी धन्य झाले. प्रेषितांच्या काळी विश्वासणारे घरोघर जमत, सगळं समाईक ठेवत, म्हणून तुमच्या रविवारच्या घरसभेतही आता सगळं समाईक. पण कोणी काय आणलं ते वाचून हसू आवरेना. एकाने भांडं हरवलेला मिक्सर दिला, दुसऱ्याने झोळ पडलेली खाट, तिसऱ्याने मुका रेडिओ. आणि तू दिलंस शेवंतीचं शिलाई मशीन! तिच्या आईने तिला दिलेलं, तेही जून तोंडावर आलेला, शाळेच्या गणवेशांचं कापड घरात येऊन पडलेलं.

अरे, त्या काळी लोक स्वतःची शेतं विकत होते, बायकोची नव्हे. पौल एवढा मोठा प्रेषित, पण तंबू शिवून पोट भरायचा. गोरगरिबांचे कपडे शिवणारी टबीथा वारली तेव्हा रडणाऱ्या विधवांनी पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवले. तिच्या घरच्यांची प्रवचनं कोणी ऐकवली नाहीत. तुझी स्कूटर समाईक झाली का रे? का प्रेषितांच्या काळी स्कूटर नव्हती?

रागावले आहे. लोभ आधी शेवंतीवर कर, उरला तर माझ्यावर.

तुझी,
विमलताई


मीरा रोड,
१२ मे १९९२

ती. ताईस सदूचा सा. सलाम. वि. वि.

तुझा विनोदी स्वभाव माहीत असल्याने मी मनावर घेतलं नाही. स्कूटरचा प्रश्न वेगळा आहे. स्टेशनला जायला, आजाऱ्यांना भेटायला ती लागते. ती सेवेची वस्तू आहे. मशीन आमच्या सभेतल्या, पेणकरपाड्याच्या मंजुळाबाईंकडे दिलंय. त्यांना शिवता येत नाही हे खरं, पण शिकतील. सध्या त्यांनी त्यावर टीव्ही ठेवलाय.

शेवंती एका शब्दाने बोलली नाही, म्हणजे तिची संमती आहे. गणवेश ती हातानेच शिवतेय. आरंभीचे विश्वासणारे सिंहांपुढे गेले, ताई. चार टाके हाताने घालायला काय जातं? आमच्यासाठी प्रार्थना करावी आणि माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
सदू


मीरा रोड,
२७ मे १९९२

ती. वन्संस शेवंतीचा सा. सलाम. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी टेबलावर उघडंच टाकलं होतं, म्हणून वाचलं. क्षमा असावी. मशीन नेलं त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. त्याला संमती म्हणतात हे मला ह्यांच्या प्रवचनातून कळलं.

गेल्या रविवारी साक्षीच्या वेळी, आपला अनुभव सांगायला, मी जन्मात पहिल्यांदा उभी राहिले. म्हटलं, ह्यांची शिकवण मला पुरती पटली आहे. आपल्या सभेतला बबन पाय अधू असून रोज भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात चालत जातो. आजपासून आमची स्कूटर त्याची. चावी तिथेच त्याच्या हातावर ठेवली. सगळे हालेलुया म्हणाले. मग सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा हेही म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

पाहुणे गेल्यावर हे मला समजावत बसले, की शास्त्रातलं एकच वचन धरून चालत नाही, मागचं-पुढचं पाहावं लागतं. मी होय म्हटलं आणि तुरपाई करत राहिले. सोमवारी हे ऑफिसहून परस्पर पेणकरपाड्याला गेले, चालत. अंधार पडता पडता हातगाडीवर मशीन घालून घरी आले. मंजुळाबाई बऱ्याच बोलल्या म्हणे. टीव्ही आता जमिनीवर आहे. मग तेलाची कुपी शोधून ह्यांनी स्वतः तेल घातलं. आता संध्याकाळी माझ्याशेजारी बसून बटणं लावतात. वाकडी लावतात, मी उसवून पुन्हा लावते.

स्कूटर मागायला मात्र मी ह्यांना जाऊ दिलं नाही. बबन तिच्यावरून कामाला जाताना आमच्या खिडकीखाली हॉर्न देतो. पहिल्या शतकातलं एवढं एक तरी आमच्या घरात टिकायला हवं ना, वन्सं?

पुढच्या वेळी रागवाल तेव्हाही असंच रागवा.

तुमची,
शेवंती