टिपरीवर नजर

॥ श्री ॥

मिरजोळे, रत्नागिरी
रविवार, दि. ७ ऑक्टोबर २००१, सायंकाळी ५ वा. १० मि.

ती. सौ. विमलाताईस,
दीपकचा शि. सा. न. वि. वि.

निळा शर्ट धुऊन दोरीवर टाकला, हात पुसले आणि लिहायला बसलो. इकडे सर्व ठीक. आंब्याचा हंगाम नसल्याने कारखान्यात रिकामे डबे मोजण्याचेच काम आहे, त्यामुळे काळजी करायला भरपूर वेळ मिळतो.

काळजी अशी. साखरपुड्याच्या दिवशी तेजस्वीने विचारले होते की नवरात्रात आमच्या मंडळात दांडिया खेळायला याल का. मी हो म्हणालो, कारण तेव्हा जून महिना होता आणि यंदा अधिक महिना आल्याने नवरात्र फारच लांब दिसत होते. परवा राम आळीत ती आत्याबरोबर भेटली. आत्या म्हणजे येसूबाई, आहेराच्या साडीचा रंग जाणार असे तुला तोंडावर सांगून गेल्या त्या. तेजस्वीने हळू आवाजात सांगितले की ती लहानपणापासून खेळते आणि लग्नानंतरही खेळणार आहे. तिच्या दोन मैत्रिणींचे नवरे दारात चपला सांभाळत उभे राहायचे आणि अर्ध्या तासात घरी चल म्हणून खुणा करायचे. त्या दोघींचे खेळणे आता बंदच झाले. आपले तसे व्हायला नको, एवढेच तिचे म्हणणे. मी नुसती मान डोलावली. येसूबाईंनी तिला विचारले की हा मुलगा बोलतो की नुसता लिहितो.

ताई, मला नाच येत नाही हे तुला माहीत आहे. गणपतीत वाडीच्या जाखडीत मला पायात घुंगरू बांधून उभा केला होता, तो मी गंगारामकाकांच्या मागच्या दाराने पळालो आणि घुंगरामुळेच सापडलो. तू लग्नाआधी दांडिया खेळायचीस. फोनवर विचारले असते, पण बूथवाला काम सोडून ऐकतो. तेव्हा पत्रानेच शिकव. आमच्या टेम्पोवरचा हारुन समोर उभा राहायला तयार आहे. मी त्याच्याकडे बघून लाजायचे नाही, एवढी त्याची अट आहे.

भावोजींना नमस्कार, चिमाला पापा. माया आहे तशी असू दे आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा,
दीपक


लोटे
शनिवार, दि. १३ ऑक्टोबर २००१

चि. दीपकास,
ताईचे अ. उ. आ.

तुझे पत्र ह्यांनी मोठ्याने वाचले आणि घुंगराच्या ठिकाणी हसता हसता चहा कपड्यांवर सांडला. त्याच कपड्यांवर कंपनीची बस पकडली. जाताना म्हणाले की दीपकला सांग, चपला सांभाळणे दिसते तितके सोपे नसते. मग स्वतःच्याच चपलांकडे बघत जिना उतरले.

आता शीक. उजवी, डावी, उजवी अशी समोरच्याच्या टिपरीवर मारायची. मग आपल्या दोन्ही टिपऱ्या एकमेकींवर, आणि पुन्हा उजवी समोरच्यावर. पाच ठोके. गुडघे ताठ ठेवू नकोस, नाहीतर पाहुण्यांना पाणी द्यायला उभा राहिल्यासारखा दिसशील. स्वतःच्या पायांकडे बघायचे नाही, लोकांकडे तर नाहीच. समोरच्याच्या टिपरीवरून नजर हलवू नकोस. ती जाईल तिकडे तुझी. एवढे धरून ठेवलेस की झाले.

आमच्या कॉलनीतही खेळतात. ह्यांना बरेचदा दुसरी पाळी, चिमा लहान, त्यामुळे मी गॅलरीतून कपडे काढता काढता बघते. माझ्या टिपऱ्यांनी चिमा बाहुलीचे कपडे आपटून धुते. तेही एक खेळणेच.

शेजारचे सदूभाऊ रत्नागिरीला येत आहेत, त्यांच्या हाती शंभर रुपये पाठवते. नवा झब्बा घे. तेजस्वी चांगली मुलगी आहे. तोंडावर बोलणाऱ्या माणसाचे घरात बरे असते, मागाहून शोधत बसावे लागत नाही.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझी,
ताई


मिरजोळे, रत्नागिरी
सोमवार, दि. २२ ऑक्टोबर २००१, सकाळी ७ वा.

ती. सौ. ताईस,
दीपकचा शि. सा. न. वि. वि.

पायांना शेक देऊन झाला आणि हे लिहितो आहे. काल गेलो होतो.

आधी तालमीचे सांगतो. भाट्याच्या वाळूत मी आणि हारुन रोज संध्याकाळी समोरासमोर उभे राहायचो. जाळे आवरणाऱ्या एका म्हाताऱ्याने हारुनला विचारले की भांडण जमिनीवरून आहे का. तरी शनिवारपर्यंत पाच ठोके चुकेनासे झाले.

काल मैदानाच्या दारात हारुन म्हणाला की चपला मी सांभाळतो, तुला त्या कामावर घ्यायचे नाही असे ठरले आहे. मी रांगेत उभा राहिलो तर समोर पहिलीच तेजस्वी. हाताला इतका घाम की टिपरी निसटेल असे वाटले. पण उजवी, डावी, उजवी सगळे बरोबर पडले. तुझे ऐकून मी तिच्या टिपरीवरून नजर हलवली नाही. पाच ठोके झाले आणि ती टिपरी बाजूला निघाली. मीही तिच्यामागे निघालो, आणि समोरून सरकत येणाऱ्या, माझ्याच रांगेतल्या शेजारच्या काकांच्या पोटावर जाऊन आदळलो. सगळी रांग थांबली. ढोल तेवढा वाजत राहिला.

ताई, तुझ्या पत्रात एवढे एकच राहिले होते की पाच ठोक्यांनंतर जोडी बदलते. मी आणि हारुन दोघेच, आम्ही बदलणार कोणाशी.

एका बाईने विचारले की लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे ना, मग गाठ आत्तापासून कशाला. दुसरी म्हणाली की असू दे गो, सोडलान तर हरवेल. तेजस्वी मान खाली घालून उभी. मी दाराकडे बघितले. पळायचेच ठरवले होते. हारुनने माझ्या चपला पाठीमागे लपवल्या.

तेवढ्यात येसूबाईंनी माझ्या मनगटावर टिपरी हाणली, दंडाला धरून मला माझ्या रांगेत आणले आणि सांगितले की तिच्यामागे जायचे नाही, तू तुझ्या वाटेने सरक, ती फिरून समोर येते. मग त्या स्वतःच माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पाच ठोके इतक्या जोरात मारले की चुकायला जागाच उरली नाही.

मग मी सरकत गेलो. प्रत्येक माणूस पाच ठोक्यांपुरता समोर असतो. माझी पहिली चूक बघून तो हसेपर्यंत पुढे गेलेला असतो, आणि दुसरी चूक नव्या माणसाच्या वाट्याला येते. ज्यांच्या पोटावर आदळलो ते काका फिरून आले तेव्हा त्यांनी पोट आत ओढून घेतले, एवढेच. हे आधी कळते तर त्या वर्षी जाखडीतूनही पळालो नसतो.

तेजस्वी पुन्हा समोर आली तेव्हा हसत होती. टिपरी मारता मारता तिने विचारले की उद्या याल का, आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकली. मग उत्तर पुढच्या फेरीत दिले. शेवटी मैदान रिकामे होईपर्यंत खेळलो. हारुन चपला घालूनच टेम्पोत झोपला होता, माझ्या.

सदूभाऊंच्या हाती एक वस्तू पाठवत आहे. ती चिमाला धुण्यासाठी देऊ नये. कोजागरीला तुमच्या कॉलनीत दूध असते आणि खेळही असतो, असे सदूभाऊंकडून कळले. भावोजींची पाळी त्या दिवशी सकाळची आहे, हेही कळले. त्यांना पाच ठोके तू शिकव, पण जोडी बदलते हे आधी सांग.

लोभ वाढवण्यासारखे मी अजून काही केलेले नाही, तरी तो वाढवावा.

तुझा,
दीपक

ता. क. हिशेब. तुझ्याकडून आले रु. १००. पास रु. १०, माझ्या टिपऱ्या रु. २०, हारुनचा चहा-भजी रु. १४, तुझ्या टिपऱ्या (लाल, घुंगरू लावलेल्या) रु. २५. एकूण खर्च रु. ६९. झब्बा घेतला नाही, निळा शर्ट चालला. तुला देणे रु. ३१. तुझ्याकडून येणे, कोजागरीची एक पूर्ण फेरी, भावोजींसकट.